एक्केचाळिसाव्या पानावरची चूक

रत्नागिरी, ऑगस्ट १९८६, गुरुवार संध्याकाळ

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचं एक्केचाळिसावं पान चुकलंय. खंडित, म्हणजे आलेख मध्येच तुटणाऱ्या फलनांसाठी (फंक्शन्ससाठी) मी मांडलेलं व्यापक संकलन (इंटिग्रल) किमान किंमत गाठतंच, अशी तिथे सिद्धता आहे. आज वर्गात शिकवताना एक साधं उदाहरण सुचलं आणि सगळं कोसळलं. सात वर्षं मी काय बघत होते?

पोस्टातून मुंबईला माझ्या मार्गदर्शक सरांना ट्रंक कॉल लावला.

"परीक्षकांना कळणार नाही. गप्प राहा."

"पण सर, मला कळलंय."

त्यांनी फोन ठेवला.

घरी येऊन एक्केचाळिसावं पान पुन्हा तपासलं. चूकच. प्रबंध मागे घेतेय, असं पत्र विद्यापीठाला टाकून आले. ह्यांना सांगितलं. सासूबाईंना कोण सांगणार? त्या आळीभर मला आत्तापासूनच 'आमची डॉक्टरीण' म्हणतायत.