अरुंद तोंडाचं मशिन

ता. १४, मंगळवार, सकाळ

प्रिय चिमे,

इकडे सगळे मजेत. तुझी वहिनी मजेत, कुंडीतली मिरची मजेत, माझे गुडघे त्यांच्या मर्जीने. तुझ्या दुकानाचा मालक अजून तसाच किरकिरा आहे का?

पत्राचं कारण वाचून हसशील. हस. मला घरच्यापुरतं विजेवरचं खिमा मशिन घ्यायचंय. तीस वर्षं मटणाचं दुकान चालवलं, खिमा सुरीनेच केला, मशिनचा खिमा म्हणजे लगदा असं गिऱ्हाइकांना ऐकवलं. तू आणलेल्या माहितीपत्रकात मी कलेजी बांधून दिली होती. तोच मी. आता बोल काय बोलायचं ते.

तू दिवसभर असलीच यंत्रं विकतेस, म्हणून विचारतो. रंग कोणता, ताकद किती, ते नको सांगू. मांस टाकायचं तोंड अरुंद असतं ना? हात आत जाईल इतकं मोठं नको. ढकलायला दांडा येतो का? आणि बटण बंद केलं की पातं लगेच थांबतं की फिरत राहतं? हे शेवटचं फार नीट बघ.

का, ते सांगतो. वहिनीला फोन करून विचारत बसू नकोस.

दुकानात मी सुरीकडे कधी बघितलं नाही, तुला माहीतच आहे. डावा हात मांस चाचपणार, उजवा कापणार, डोळे गिऱ्हाइकाकडे आणि तोंडाने गप्पा. बाबांनी तसंच शिकवलं. पंधरा दिवसांमागे एका रविवारी घरीही तसाच खिमा करत बसलो होतो. वहिनी शेजारी बसून फळीवर लसूण सरकवत होती. मी तिला शेजारच्या कुत्र्याची गंमत सांगत होतो. सांगता सांगता डाव्या हाताखाली तुकडा घट्ट धरला आणि सुरी टेकवली.

ती म्हणाली, "अहो, ते माझं बोट आहे."

ओरडली नाही गं. चहा निवतोय सांगावं तसं म्हणाली. नखावर जरासा चरा उठला, बाकी काही नाही. मग आम्ही जेवलो.

चिमे, माझ्या बोटांना काही कळत नाही. वर्ष झालं. दुकान सोडलं ते गुडघ्यांमुळे नाही, यामुळे. मऊ, टणक, गरम, गार, सगळं एकच लागतं. बाबांचंही असंच सुरू झालं होतं, आणि शेवटी त्यांना घास भरवावा लागायचा. डॉक्टरकडे गेलो नाही. तो तेच सांगेल म्हणून माझी पाचावर धारण बसलीय.

वहिनी म्हणते, खिमा राहू दे आता. पण स्वयंपाकघरातून उठवलं तर मी बसू कुठे? त्या दिवसापासून ती माझ्या शेजारी बसत नाही. लसूण लांबूनच टाकते, वर हसते. मला ते हसणं बघवत नाही.

मशिन पार्सलने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. आणि आलीस की मला धरून डॉक्टरकडे ने. एकट्याचा पाय निघत नाही.

अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे. पेन हातात आहे ना, हे बघत बघत लिहितोय.

तुझा,
भ्यालेला दादा