डिपॉझिट बुडेल, बाळ

प्रिय बबडे,

परवा फोनवर तू बोलत होतीस आणि मागे तुझं मशीन चालूच होतं. कुणाची पँट आखूड करत होतीस, कुणाच्या लेकीचा गणवेश सैल. "ताई, थांब हं, दोरा तुटला," म्हणालीस आणि मी कान लावून बसून राहिले. खिडकीजवळची तुझी जागा डोळ्यांसमोर आली. भिंतीवर खिळ्यांना अडकवलेली रंगीत रिळं, दारात पिशव्या घेऊन उभी असलेली गिऱ्हाइकं. तीस वर्षं त्या एका खिडकीत बसलीस. अख्ख्या गल्लीची मापं तुला पाठ आहेत. दुसरीकडे कुठे गेलीस तर तुझ्याकडे साधं बटण लावायलाही कुणी येणार नाही, हे तू स्वतःच म्हणतेस. म्हणून हे लिहायला जड जातंय. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि तुझं रडणं मला लहानपणापासून ऐकवत नाही.

आपला भाडेकरार या महिनाअखेरीस संपतोय. भाडं आहे तेच राहू दे. पण डिपॉझिट वाढवावं लागतंय. आजवर साठ हजार होतं, नव्या करारात तीन लाख. म्हणजे वरचे दोन लाख चाळीस हजार तू पंधरा तारखेच्या आत भरायचेस. एजंट म्हणाला, "बाई, बहीण असली तरी व्यवहार व्यवहाराच्या जागी." मला त्यातलं काय कळणार? तू म्हणशील, ताई, हे तर आईचं घर. आहेच गं. पण हप्ते माझ्या पगारातून गेले, म्हणून तिनं ते माझ्या नावावर केलं. तू तिचं शेवटपर्यंत केलंस, हे मी कधी नाकारलंय का? करार कागदावर असावा हे मात्र तुलाही पटलं होतं. वाचलासुद्धा नाहीस. "ताईचाच तर कागद," म्हणून हसत सही केलीस.

डिपॉझिट हा शब्द मी सातव्या वर्षी शिकले. बाबा गेल्यावर त्यांच्या ऑफिसनं एका मुलीची बोर्डिंगची फी भरायचं कबूल केलं. डिपॉझिट आईनं दागिने मोडून भरलं. तू तेव्हा तीन वर्षांची. बोर्डिंगची छापील यादी आली होती: एक ट्रंक, बुटांचे दोन जोड, मोज्यांचे सहा, प्रत्येक कपड्यावर मुलीचं नाव. आईनं आठवडाभर बसून लाल दोऱ्यानं माझं नाव घातलं, अगदी रुमालावरसुद्धा. फाटकापाशी तू तिच्या कडेवर होतीस. हातात माझी बाहुली. "शहाण्या मुली मागे वळून बघत नाहीत," आई म्हणाली. मी शहाणी होते.

पहिल्याच रविवारी मी तिला लिहिलं, मला घेऊन जा. तिचं उत्तर मला अजून पाठ आहे: "वर्ष संपायच्या आत काढलं तर डिपॉझिट बुडेल, बाळ. एवढं वर्ष काढ." वर्ष संपलं तेव्हा डिपॉझिट वाढलं होतं. जुने पैसे परत न देता त्यांनी नव्यात वळते करून घेतले, वरचे आईनं भरले, आणि पुन्हा तेच: बुडेल, बाळ. अशी नऊ वर्षं गेली. वाईट नव्हती गं ती. त्या लांबलचक हॉलमधल्या खाटांची रांग, फरशीच्या पॉलिशचा वास, बरोबर नऊला मालवले जाणारे दिवे, सगळ्याची मला आठवण येते. माझं हे अक्षर तिथलंच. नकोशी गोष्टही आवाज न चढवता करावी, हे मला बोर्डिंगच्या मदरनीच शिकवलं.

तू लिहायला शिकलीस तेव्हा आईच्या पत्राखाली तुझ्याही दोन ओळी असायच्या. एकदा पेन्सिलीनं लिहिलं होतंस: "ताई तू सुट्टीत येऊ नको. तू आलीस की आई तुझ्याकडे तोंड करून झोपते." सहा वर्षांची होतीस, तुला कसं आठवेल? मीही तुझ्यावर कधी रागावले नाही. फक्त एक गोष्ट मनात राहिली. पाकीट चिकटवण्याआधी आईनं ते वाचलंच असणार. त्या सुट्टीत मी आले नाही. सगळ्या मुली घरी गेल्या, आणि चाळीस खाटांच्या हॉलमध्ये मी एकटी झोपले. तो कागद माझ्याकडे आहे. आत्ता हे लिहितानाही शेजारीच ठेवलाय.

आता तुझ्याशी खोटं कशाला बोलू? एजंट तसं काही म्हणालाच नाही. आकडा ऐकून तो हसला. "सख्ख्या बहिणीकडून एवढं कोण घेतं हो?" म्हणाला. आकडा माझा आहे. तुझ्याकडे बँकेत दोन लाख दहा हजार आहेत. त्या खात्यावर दुसरं नाव माझंच आहे ना! उरले तीस हजार. ते तू खालच्या औषधवाल्या काकांकडे मागशील, म्हणून त्यांना मी आधीच फोन केला. म्हटलं, बहीण हल्ली फार विसरते, पैसे मागायला आली तर देऊ नका, तिलाच पुढे त्रास होईल. भले आहेत बिचारे. फार हळहळले.

आमचे हे गेल्यापासून मला घर खायला उठतं, बबडे. बोलावलं असतं तर तू आली नसतीस. "गिऱ्हाइकं सोडून कशी येऊ गं?" म्हणाली असतीस. म्हणून हे सगळं. मागची खोली मी रिकामी करून घेतलीय. खाट टाकलीय, खिडकी उंचावर आहे पण हवा येते. मशीन आणू नकोस, त्याचा आवाज मला आता सोसत नाही. एक ट्रंक पुरे. कपड्यांवर नाव घालून आण, लाल दोरा तुझ्याकडे असेलच. दिवे मी नऊला मालवते. तुझे साठ हजार माझ्याजवळ सुरक्षित आहेत. वर्षभर राहिलीस की देईन, मधेच निघालीस तर मात्र बुडतील, बाळ. एक तारखेला मी फाटकापाशी उभी असेन. गल्लीतून निघताना बायका जिन्यात जमतील, काका दुकानाबाहेर येतील. तू मागे वळून बघू नकोस.

तुझ्याकडे तोंड करून झोपणारी,
तुझीच ताई