आतून उघडणारे झाकण

चर्चचे व्यासपीठ, प्रभुभोजनाचे मेज, पहिले सोडून मंडळीची सगळी बाके, आमच्या घराची दारे-खिडक्या, बायकोचे शिवणाचे मेज, आणि या गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातून निघालेली एक तरी शवपेटी : एवढे मी माझ्या हातांनी केले. कोणा उस्तादाकडे शिकलो नाही. मोडक्या खुर्च्या उकलून पाहिल्या, तेवढीच माझी शाळा.

ज्या देवाने मला लाकूड आणि हात दोन्ही फुकट दिले, त्याच्या नावाने मी, धंद्याने सुतार, वय चोपन्न, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे. पण दुसऱ्यांच्या पेट्या वेळेवर देणाऱ्याचा स्वतःचा कागद अर्धवट असणे शोभत नाही. लोक मला पाठीमागे ‘काटकोन’ म्हणतात. तोंडावर म्हटले तरी हरकत नाही.

कलम १. घर व बँकेतली शिल्लक बायकोची. तिची शिवणाची खोली कोणी भाड्याने मागितल्यास देऊ नये. उजेड तिथेच चांगला येतो. हे वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, मेल्यावरही हा माणूस घरात ढवळाढवळ करणार.

कलम २. माझी पेटी तयार असून माळ्यावर आहे. सध्या तिच्यात रजया आहेत, त्या आधी काढाव्यात. माझ्या कोणत्याही पेटीला खिळा नाही. झाकण लाकडी खुंट्यांवर बसते आणि त्या मी अंगठ्याने दाबतो, हातोडीने ठोकत नाही. प्रभू उठायची हाक मारील त्या सकाळी माझ्या गिऱ्हाइकांची अडचण होता कामा नये. एका जावयाने सासऱ्याच्या वेळी विचारले होते, “मिस्त्री, झाकण सैल नाही ना राहणार?” मी म्हटले, “सैल नाही. आतून उघडेल एवढंच.” माझ्या झाकणालाही कोणी हातोडी लावू नये.

कलम ३. चर्चमधल्या पहिल्या बाकाची जागा रिकामी आहे, ती तशीच राहावी. मी बारा वर्षांचा असताना वडील गेले. घरात एक फळी नव्हती. मंडळीतले एक बडे गृहस्थ म्हणाले, कापडात गुंडाळा, मातीला काय कळते. (पुढे त्यांचीही पेटी मीच केली. लाकूड तेच, जाडी तीच. सुतभरही कमी केले नाही, हा माझा सूड.) त्यावर आमच्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी त्या गृहस्थांचे बसायचे पहिले बाकच उचलून आमच्या दारात आणले. त्या लाकडाची पेटी हे माझे पहिले काम.

हात कमावता झाल्यावर मी नवे बाक केले आणि चर्चमध्ये घेऊन गेलो. पाळकसाहेबांनी दारातच अडवले.

“काम चोख आहे,” ते म्हणाले, “पण परत ने.”

“का? मला कोणाचं ठेवून घ्यायची सवय नाही.”

“म्हणूनच. मी तुला उसनं दिलं नव्हतं, बाळा. कृपा फेडायला निघालास तर ती कृपा उरत नाही. जागा मोकळी राहू दे.”

मी रागाने बाक परत आणले. त्याच आठवड्यात एक बाई रिकाम्या हाताने दारात आली. तिचा नवरा गेला होता. बाक उकलले आणि त्याची पेटी केली. तेव्हापासून ज्याच्याकडे काही नाही, त्याला माझ्याकडून पेटी मिळते आणि ती इतरांच्या पेटीसारखीच असते. मी दुसऱ्या रांगेत बसतो. मान ताठ ठेवणारा माणूस मी, पण त्या मोकळ्या जागेसमोर ती आपोआप झुकते, आणि झुकल्यावर गाणे जास्त मोठ्याने निघते.

कलम ४. कारखाना, हत्यारे व साठ्यातले लाकूड माझ्या धाकट्या भावाला. होय, त्यालाच. मला ‘मढ्यांचा सुतार’ म्हणून तो निघून गेला आणि गावाबाहेरच्या पेट्यांच्या कंपनीत व्यवस्थापक झाला, जिथे भुशाच्या फळ्यांना स्क्रू मारतात. वकीलबाईंनी अट घालायला सांगितले : विकायचे नाही, गरिबाला फुकट द्यायचे. मी लिहिली आणि खोडली. बाक देताना मला कोणी अट घातली नव्हती.

साक्षीदार : (१) कबरी खणणारा, माझा शेजारी, लांबी मी मोजतो, खोली तो. (२) सध्याच्या पाळकबाई. दोघांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली. ठिकाण : कारखान्यातले माझे मेज. दिनांक : पुनरुत्थानाच्या रविवारनंतरचा सोमवार.

सहीनंतरची भर. वकीलबाई म्हणतात, कारखान्याची किंमत नोंदवायला हवी. किंमत मी लावलेली नाही, पण कंपनीच्या मालकाने लावली आहे : जागा, माझ्या नावाची पाटी आणि झाकणाची रीत, सगळे मिळून. निरोप घेऊन धाकटाच आला होता. “दादा, आयुष्यभर बसून खाशील,” म्हणाला. मी चहा पाजला आणि नाही म्हटले. निघताना त्याने एका पेटीची वर आलेली खुंटी पाहिली आणि हातोडी बाजूला पडलेली असूनही अंगठ्याने दाबून बसवली. आकडा त्याला तोंडपाठ आहे. तरीही चावी त्याच्याच हाती द्यावी. नाकारलेली रक्कम : साठ लाख.