बळदातली बाटली

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

बाटली निघाली! हरवली कधीच नव्हती. मधल्या घराच्या भिंतीतल्या बळदात, जोंधळ्याच्या तळाला होती. तिथेच आहे हे माहीत होतं, म्हणून तर साडेचार वर्षं तळाला हात लागू दिला नाही. वरवरचा जोंधळा काढत राहिले. शेवटी तळचा किडला. सोंडे भिंतीवर चढायला लागले तेव्हा मंगल घमेलं घेऊनच आली, म्हणाली आज बळद रिकामं झाल्याशिवाय मी माझ्या घरी जात नाही. धाकटी जाऊ, पण दरारा सासूचा.

बाटलीवर ह्यांची जर्सी गुंडाळलेली. मिलिटरीची, हिरवी. डाव्या बाहीवर डांबराचा डाग.

हे मी विसरले होते. बाटली लक्षात होती, जर्सी विसरले होते! ह्यांचे बाकी सगळे कपडे नाथाजीभावजींनी त्याच आठवड्यात बांधावर नेऊन जाळले. अंथरूण, टॉवेल, चपलासुद्धा. तेव्हा करोनाची भीतीच तशी होती, त्यांना बोल नाही. सांगलीच्या दवाखान्यात हे गेले, ते तिकडूनच गेले. तोंड बघायला मिळालं नाही. म्हणजे ही जर्सी तेवढी राहिली.

तोंड खुपसलं तिच्यात. काही नाही. त्याच तापात माझं नाकही गेलं, ते परत आलं नाही.

मंगलला म्हटलं, बघ गं, कसला वास येतो? तिनं हुंगलं. "जोंधळ्याचा. आन् कडुलिंबाच्या पाल्याचा. दुसरा कसला येणार आक्का?" मग तिच्या लक्षात आलं. सूप उचलून अंगणात गेली आणि बराच वेळ नुसतंच पाखडत बसली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बाटली पुसली. कागदावर २०१० लिहिलं आहे. खालची अक्षरं इंग्रजी वाटतात पण इंग्रजी नाहीत. लेकीने, प्रांजलने, फोनवर फोटो बघून सांगितलं — बरोलो. इटलीतल्या एका गावाचं नाव, तेच वाईनचं नाव. कुंडलची द्राक्षं म्हणतात, तसंच असेल.

हे लेबनॉनला शांतिसेनेत होते तेव्हा शेजारच्या चौकीवर इटलीचे सैनिक असायचे. त्यातला मार्को म्हणून एक. ह्यांच्या हातच्या चपात्या त्याला फार आवडायच्या. निघताना त्याने ही बाटली दिली आणि बजावलं: अंधारात ठेव, थंडाव्यात ठेव, आडवी ठेव. पंधरा वर्षांची झाल्याशिवाय उघडू नको, आत्ता पिशील तर दात आंबतील. ह्यांनी घर सगळं फिरून बघितलं आणि बळद पसंत केलं. दोन हात रुंदीची मातीची भिंत, मे महिन्यातही आत गारवा. दर साली नवा शाळू भरताना बाटली बाहेर काढायची, नवं काहीतरी गुंडाळून परत निजवायची. घरी कोणी आलं की म्हणायचे, "हळू बोला, आमचा इटलीचा पाव्हणा झोपलाय."

मला म्हणाले होते, पंचवीस साली आपण दोघं घेऊ. मी म्हटलं, माझ्या तोंडाला दारू? तर म्हणाले, "मग मीही नाही घेणार. तशीच राहू दे."

पंचवीस साल संपत आलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सांगलीला नाकाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. चार वर्षं प्रांजल मागे लागली होती, मीच गेले नव्हते. नाक जाऊन आपलं काय अडतंय, असं वाटायचं. जर्सी निघाल्यापासून अडायला लागलं.

डॉक्टर बरे आहेत, खोटं बोलत नाहीत. म्हणाले, इतक्या उशिरा फार आशा धरू नका, पण नाकाला शिकवून बघा. गुलाब, लवंग, लिंबू, निलगिरी — चार बरण्या. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची आणि तो वास कसा होता ते मनात आठवायचं. आणि म्हणाले, कधी कधी आधी खोटे वास येतात. समोर काही नसतं आणि करपल्याचा, जळल्याचा वास येतो. घाबरू नका.

कुठला वास परत हवा आहे, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. डांबराचा.

पेन्शनीत आल्यावर हे घरी बसले नाहीत. एका ठेकेदाराकडे रस्त्याच्या कामावर देखरेखीला लागले. कोयनानगरकडचा घाट. शनिवारी संध्याकाळी घरी. गल्लीच्या तोंडाला असायचे तेव्हाच मला कळायचं. मी म्हणायची, तुमच्या आधी तुमचं डांबर घरात येतं! मागच्या दारी दगडावर उभे राहून रॉकेलच्या फडक्याने हात पुसायचे आणि विचारायचे, "येऊ का आत?" मी आतूनच — "आधी आंघोळ!" दर शनिवारी हेच. माहीत असूनही विचारायचे. माहीत असूनही मी सांगायची.

२९ नोव्हेंबर, शनिवार

गुलाब नाही. लवंग नाही. लिंबू नाही. निलगिरी डोळ्यांना झोंबली, नाकाला नाही. दूध करपलं — ते भिंतीपलीकडून मंगलने ओरडून सांगितलं.

७ डिसेंबर, रविवार

प्रांजलचा फोन. एकवीस तारखेला पप्पांचा वाढदिवस, आम्ही दोघं येतो, बाटली त्या दिवशी उघडू. मी बरं म्हटलं. मार्गशीर्षही तोवर संपतो, मटण करता येईल.

जावयांना ह्यातलं थोडं कळतं. वीरधवल बोलतात कमी, पण आज बरंच बोलले. दोन दिवस आधी बाटली उभी करून ठेवा, गाळ खाली बसेल. फ्रीजमध्ये नको. प्यायच्या दोन तास आधी काचेच्या जगमध्ये ओतून वारा लागू द्या. जेवणात तिखट अजिबात नको, तिखटाने ही वाईन कडू लागते. चरबी हवी, मीठ हवं.

तिखटाशिवाय मटण! मंगल म्हणाली, मग पाव्हण्यांना सलाईनच लावा की. पण मला सुचलं. अळणी. मसाला पडायच्या आधी लहान पोरांना वाटीत काढून देतात ते. नाव अळणी, पण मीठ असतं. हळद, आलं, लसूण आणि चरबीचा तवंग. घरात मसाल्यापर्यंत न थांबणारं माणूस एकच होतं, ते लहान नव्हतं. वाटी घेऊन चुलीपाशीच बसायचे.

मग वीरधवलांनी मोबाईलवरून वाचून दाखवलं, ही वाईन जुनी झाली की तिला कसले वास येतात. डांबर आणि गुलाब म्हणे.

मी दोनदा विचारलं. डांबरच? रस्त्याचं? हो म्हणाले, सगळेच तसं लिहितात.

मला हसू आलं. डांबर कोण पितं! फोन ठेवला आणि गुलाबाची बरणी उघडली.

१४ डिसेंबर, रविवार

गुलाबाची बरणी दिवसातून दहा वेळा हुंगते आहे. एक आठवडा राहिला. नाही येत.

१९ डिसेंबर, शुक्रवार

बाटली उभी केली. इतकी वर्षं निजलेली. माणसाला आडवं केलं की पुन्हा उभं करता येत नाही. बाटलीला येतं.

२१ डिसेंबर, रविवार

सगळे निजले आहेत. लिहून टाकते.

बूच अर्धं मोडलं. वीरधवलांना थंडीत घाम फुटला. उरलेलं निघालं ते भुगा होऊन, मग स्वच्छ फडक्यातून गाळून घेतलं. मी ओतायला तांब्या पुढे केला आणि माझा मीच मागे घेतला — आंबट आहे, कळकेल. प्रांजलने काचेचा जग काढला.

ह्यांच्या फोटोपुढे आधी ताट ठेवलं. अळणीची वाटी, भाकरी, आणि पेल्यात थोडी वाईन. मंगल म्हणाली, लोक काय म्हणतील. आणि लगेच म्हणाली, मला पण थोडी ओता.

मला वाटलं होतं गडद लाल असेल. निघाली कोकमाच्या सरबतासारखी, कडेला विटकरी. मंगल म्हणाली, "झोपून झोपून पाव्हण्याचा रंगच उडाला की वो." घोट घेतल्यावर मात्र तिचं तोंड बघण्यासारखं झालं. हिरड्याचा काढा हाय म्हणाली, आणि सगळा प्यायली.

मी घेतला. आधी काही नाही, नुसतं आंबट पाणी. मग धरलं. हिरड्या, जीभ, गालांची आतली बाजू — कच्चं जांभूळ खाल्ल्यावर धरतं तसं. गिळल्यावरही सोडेना. चरबीचा तुकडा खाल्ला तेव्हा सोडलं. पुन्हा घोट, पुन्हा धरलं. इतकी वर्षं मला जेवणाची अशी चव लागली नव्हती. तुरट नाकाला लागत नाही, तोंडाला लागतं!

वीरधवल म्हणाले, ह्याला स्ट्रक्चर म्हणतात. प्रांजलला मराठी शब्द सापडेना. मी म्हटलं, खडी. पप्पा म्हणायचे ना तुझे, लोक वरचं डांबर बघतात, रस्ता उभा असतो खालच्या खडीवर. माझ्यापर्यंत खडी पोहोचली.

मी हे बोलत होते आणि प्रांजलने पेल्यात नाक घातलं होतं. ते वर येईना. म्हटलं, काय झालं गं?

"आई," म्हणाली. "शनिवार."

एवढंच. पण मला कळलं. तिच्या हातातून पेला ओढूनच घेतला. इतकं नाक घातलं की शेंडा भिजला. श्वास घेतला, परत घेतला. काही नाही. गार काच.

मंगलने हुंगलं. "व्हय की आक्का. थोरलं भावजी घाटातनं आल्यागत." वीरधवलांनीही हुंगून मान हलवली. त्यांनी ह्यांना कधी पाहिलंही नाही. लग्न नंतरचं. ज्या माणसाने ह्यांना पाहिलं नाही त्यालासुद्धा आज ह्यांचा वास आला. घरात सगळ्यांना आला. मला नाही.

प्रांजल रडत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, सगळ्यांना वाढलं, भांडी घासली. माझा ग्लास घासला नाही. तळाला घोटभर राहिली आहे.

२३ डिसेंबर, मंगळवार

पोरं पुण्याला गेली. जाताना प्रांजल म्हणाली, आई, बरण्या सोडू नकोस. हो म्हटलं. ती वळणावर गेल्यावर चारही बरण्या उकिरड्यावर टाकल्या. गुलाबाची फुटली. मंगल म्हणाली काय वास सुटलाय!

जर्सी घडी करून परत बळदात ठेवली. नव्या शाळूखाली जाईल.

२७ डिसेंबर, शनिवार

तिन्हीसांजेला दिवा लावत होते. वाटलं, बाहेर रस्त्याचं काम निघालं. मंगलला हाक मारून विचारलं, डांबर टाकतात का गं?

"न्हाई की आक्का. कुठलं डांबर?"

ओट्यावर ग्लास तसाच होता. जवळ गेले नाही. गरज पडली नाही, वास घरभर होता.

डॉक्टर म्हणाले होते, आधी खोटे वास येतात. खोटा तर खोटा. मागचं दार उघडलं. म्हटलं, आज आंघोळ राहू दे. या आत.