शिक्क्यासाठी दिलेल्या दोन प्रती

अल्लाच्या नावाने, जो कृपाळू आहे आणि ज्याच्यापुढे टाळाटाळीची उत्तरे चालत नाहीत.

मी, डॉ. नझीहा शाझली गर्सल्ला, वय एकसष्ट, पेशाने भूलतज्ज्ञ, गेली दोन वर्षे आरोग्यमंत्री, राहणार ला मार्सा, ट्यूनिस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. उद्या सकाळी सात वाजता लल्ला मबरूका सरकारी रुग्णालयात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. भूल दिलेल्या माणसाच्या शब्दाला किंमत नसते, हे मी तीस वर्षे नातेवाइकांना सांगत आले, म्हणून आजच लिहिते. मी पूर्ण शुद्धीवर आहे. कोणाची जबरदस्ती नाही. अक्षर वेडेवाकडे दिसले तर बुद्धी ढळली असा अर्थ काढू नये. डॉक्टरचे अक्षर आहे, आणि सकाळपासून मला एका जागी बसवत नाही.

खाजगी दवाखान्यात गेले नाही, कारण आरोग्यमंत्र्यालाच आपल्या रुग्णालयाचा भरवसा नाही असे कोणी म्हणायला नको. यात धैर्य कमी, मिजास जास्त.

कलम एक. मला वडिलांशेजारी, गावच्या कबरस्तानात पुरावे. तिथे कोणीही भाषण करू नये. मंत्रिमंडळातून कोणी आलेच तर त्यांना कुसकुस वाढावा, माइक देऊ नये.

कलम दोन. घर आणि बँकेतील ठेव कायद्याने माझी एकुलती मुलगी लीना हिची आहे. त्यात मी नाक खुपसत नाही. फक्त, लीना, स्वयंपाकघरातली निळी फरशी बदलू नकोस. तुझ्या वडिलांनी ती गुडघ्यांवर बसून स्वतः बसवली होती आणि दोन फरशा उलट्या लावल्या होत्या.

कलम तीन. कायद्याने मला मर्जीप्रमाणे देता येणाऱ्या एक-तृतीयांश हिश्श्यातून गावची चौदा ऑलिव्हची झाडे भाऊ लारूसी याला द्यावीत. त्याने मला न विचारता वडिलांचे खेचर विकले होते. ते मी विसरलेले नाही, हे त्याला झाडे देताना सांगावे.

(इथे उठून खिडकीशी जाऊन आले. खाली अंगणात परिचारिका उभ्या आहेत, सगळ्यांच्या दंडावर लाल पट्टी. पट्टी बांधायची आणि कामही करायचे, ही आमच्याकडची निषेधाची रीत. पेशंटला त्रास नको आणि सरकारला झोप नको.)

कलम चार. माझ्या घरच्या कपाटातला लॅरिंगोस्कोप, म्हणजे भूल देताना घसा बघायचे यंत्र, या रुग्णालयाचा आहे. बदलीच्या वेळी मी तो घरी नेला. चोरीच म्हणा. परत करावा. माझ्या काळ्या बॅगेत मंत्रिपदाचा गोल शिक्का आहे, तो माझ्या जागी येईल त्याला द्यावा. बॅग सध्या खाटेखाली आहे. शिक्का मी कधीच दुसऱ्याकडे ठेवत नाही.

कलम पाच. त्याच कपाटात माझी स्वतःची लाल पट्टी आहे. तरुण डॉक्टर असताना मी ती सतरा दिवस बांधली होती. ती हबीबा झुआरीला द्यावी. हबीबा ही याच रुग्णालयातली भूल-तंत्रज्ञ. एकोणीस वर्षे आम्ही दोघी एकाच टेबलाच्या उशाशी उभ्या राहिलो. नाडीवर बोट कसे ठेवायचे हे मी तिला शिकवले, आणि घाबरलेल्या पेशंटशी कसे बोलायचे हे तिने मला. उद्या माझ्या उशाशी तीच असेल.

तिला पट्टी नको असेल तर तिने जाळावी. मला राग येणार नाही.

कलम सहा. खासदार झुहैर मिसावी यांची मी माफी मागते. प्रश्नोत्तरांच्या वेळी त्यांनी मला सरळ विचारले होते, "कर्मचाऱ्यांच्या संसर्ग भत्त्याच्या करारावर तुम्ही सही केली आहे का? हो की नाही?" मी म्हणाले होते, "असा कोणताही सही झालेला कागद अस्तित्वात नाही." बाके वाजली. मिसावी खाली बसले. तो माणूस मला आवडत नाही, दर वाक्याला बोट नाचवतो, पण त्या दिवशी तो खरा होता.

कलम सात. (हे कलम खोडले आहे. वाचता येईल असेच खोडले आहे.)
माझ्या मृत्यूनंतर लीनाने बॅगेतले सीलबंद पाकीट हबीबा झुआरीला द्यावे. त्यात कराराच्या दोन्ही प्रती आहेत, दोन्हींवर माझी आणि कर्मचारी संघटनेची चिटणीस म्हणून तिची सही आहे. सहा तास वाटाघाटी करून, रुग्णालयाच्या खाणावळीत आम्ही त्या केल्या होत्या. उठताना हबीबा म्हणाली, "बाई, शिक्का राहिला." बिनशिक्क्याचा कागद आमच्या देशात पुडी बांधायच्या लायकीचा. मी म्हणाले, "शिक्का मंत्रालयात आहे. दोन्ही दे, उद्या मारून पाठवते." तिने दिल्या. पावती मागितली नाही, मला ओळखत होती ना. आठवड्याने अर्थखात्याचे आकडे आले, भत्त्याला पैसा नव्हता, आणि मी दोन्ही प्रती पाकिटात बंद केल्या. मला कोणी खोटे बोलायला सांगितले नाही. मीच बोलले. संघटनेने हबीबाला चिटणीसपदावरून काढले. लोक तिला कँटीनमध्ये विचारत, "काय गं, तो स्वप्नातला कागद सापडला का?" हे सर्व माझ्या मृत्यूनंतर जाहीर करावे.

हे कलम का खोडले ते लिहिणे भाग आहे.

साक्षीदार दोन लागतात. शेजारच्या खाटेवरच्या हाज्जा शलबिया, निवृत्त मुख्याध्यापिका, लगेच तयार झाल्या. दुसरा मिळेना. वॉर्डातल्या परिचारिकेला विचारले तर ती सलाईन लावता लावता म्हणाली, "तौबा! आमच्या सह्या तुमच्या बॅगेत हरवतात, मंत्रीणबाई."

तेवढ्यात तपासणीचा कागद घेऊन हबीबा आली. दंडावर पट्टी. आठ महिन्यांनी इतक्या जवळून पाहिली. पूर्वी मला नुसते बाई म्हणायची.

"मंत्रीणबाई, मध्यरात्रीनंतर पाणीसुद्धा नाही. चुकून खाल्लंत तर सांगायचं. टेबलावर खोटं बोललं की अन्न फुफ्फुसात जातं."

"हे वाक्य माझं आहे, हबीबा."

"हो. तुमच्याकडूनच उचललंय. तेव्हा खरं वाटायचं."

मी मृत्युपत्र तिच्या हातात दिले. म्हटले, साक्षीदार हो. ती उभ्यानेच वाचू लागली. खेचरापाशी हसली. पट्टीपाशी हसली नाही. सातवे कलम तिने दोनदा वाचले.

"ज्याला काही मिळणार त्याची साक्ष चालत नाही," ती म्हणाली. "एवढं मला कळतं."

"मग पट्टीचं कलम काढते."

"पट्टीचं सोडा हो. हे पाकीट." तिने कागद माझ्या मांडीवर ठेवला. "मला एक सांगा. उद्या तुम्ही जगलात तर?"

मी मांडीवरचा कागद सरळ केला.

"मी उद्या तुम्हाला जगवायला बसणार आहे. चार तास डोळा न हलवता. माझं काम चोख झालं की तुम्ही वाचणार. तुम्ही वाचलात की पाकीट बंद आणि मी खोटारडीच. असं लिहिलंय तुम्ही, बाई. माझ्या हाताला यश आलं तर माझंच नाव मातीत, असं लिहिलंय."

हाज्जा शलबिया खाटेवर उठून बसल्या. "नझीहा," त्या म्हणाल्या, जणू मी चौथीत आहे, "मेल्यावर कबुली द्यायला काय लागतं? तेव्हा तर दगडही ऐकून घेतात."

मला लाज वाटली. इतकी लाज मला संसदेतसुद्धा वाटली नव्हती. मी शूर काहीतरी लिहिते आहे अशा समजुतीत सकाळपासून येरझारा घालत होते.

मी वाकून खाटेखालून बॅग ओढली. पाकीट फोडले. दोन्ही प्रती पांघरुणावर पसरल्या. मग बॅगेच्या आतल्या कप्प्यातून शिक्का काढला.

हबीबा शिक्क्याकडे बघत राहिली. "हा तुमच्याजवळ असतो?"

"नेहमी."

"त्या दिवशी खाणावळीत?"

"तेव्हाही होता," मी म्हणाले.

बॅगेतला शाईचा डबा तिनेच उघडून धरला.

कलम सात, नव्याने. मृत्यूनंतर द्यायचे असे आता काही उरलेले नाही. करारावर आज दुपारी चार वाजता शिक्का मारला आणि हबीबाची प्रत हाज्जा शलबिया यांच्यादेखत तिच्या हातात दिली. दुसरी प्रत माझ्या सहीच्या पत्रासह सभापतींकडे रवाना झाली. पत्रात लिहिले आहे की पुढच्या महिन्यात संसदेच्या पहिल्या बैठकीत माझे उत्तर खोटे म्हणून इतिवृत्तात दुरुस्त करावे. मी जगले तर स्वतः उभी राहून सांगेन. मंत्रिपद बहुधा जाईल. कलम चारमधला शिक्का माझ्या हातानेच परत करता येईल.

कलम पाचमधली पट्टीही मृत्युपत्रातून वगळते, म्हणजे साक्षीला बाध येणार नाही. ती कपाटात आहे, हबीबा, किल्ली लीनाकडे. हवी तेव्हा ने.

 

वर लिहिलेले सर्व मी वाचले, खाडाखोडीसह मान्य केले आणि खाली सही केली.

नझीहा गर्सल्ला
हृदय शल्य विभाग, खाट क्रमांक तीन, ट्यूनिस
सोमवार, १४ नोव्हेंबर (वर्ष कराराच्या शिक्क्यावर आहे)

साक्षीदार पहिली: शलबिया बिन रहूमा, खाट क्रमांक चार. शुद्धलेखनाच्या चुका तीन आढळल्या, दुरुस्त केल्या नाहीत.

साक्षीदार दुसरी: हबीबा झुआरी, भूल-तंत्रज्ञ. सही करणारी बाई माझ्यासमोर शुद्धीवर होती, आठ महिन्यांत प्रथमच. कागद मिळाला, शिक्का ओला होता. उद्या सात वाजता मी उशाशी आहे. पट्टी सोडणार नाही, बाई, आणि तुम्हालाही सोडणार नाही. पुढच्या महिन्यात तुम्हाला संसदेत उभं राहायचंय.