फोनला सांगितलेला उखाणा

॥ श्री वीरभद्र प्रसन्न ॥
लातूर,
दि. ९ जानेवारी २०२५

चि. सौ. महामाया हिस,
वैनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

संक्रांतीच्या आत तुझं पत्र येईल म्हणून वाट बघत होते. तुमच्या देगलूरचं पोस्टही तुझ्यासारखंच दिसतं, मनात आलं तर उठतं. शेवटी मीच लिहायला बसले.

इकडे सगळे ठीक आहेत. ठीक म्हणजे, चालू आहे. अक्षराची बारावी, वर डॉक्टरकीच्या परीक्षेचे क्लास, त्यामुळे घरात टीव्ही बंद आणि बोलायचं ते हळू. वीरेश आडतीवरून येतो तो फोन बघत जेवतो. सूनबाई शाळेतून येते ती वह्यांचा गठ्ठा घेऊन. कुणाचं काही चुकत नाही, पण घरात माणसाचा आवाज म्हणून येत नाही. मी दिवसभर नुसती बसून असते आणि संध्याकाळी अशी दमते की चार पोती तूर पाखडली असावी. माझं जेवण अजून दुपार कलल्यावरच होतं. सौदा उरकून हे यायचे, ती वेळ. सूनबाई रोज बजावून जाते की वेळेवर जेवा, पण हात ताटाकडे जात नाही. सवय म्हण.

खरं सांगू का माया, मला ह्यांचा आवाज आठवेनासा झालाय. चेहऱ्याचं काही नाही, भिंतीवर फोटो आहे. पण परवा आवाज आठवायला गेले तर दुसऱ्याच कुणाचा यायला लागला. मला धडकी भरली. ह्यांना फोनवर बोलायचा कंटाळा, त्यामुळे कुणाकडे काही टेप केलेलं नाही. मग आठवलं, दोन वर्षांखाली ह्याच तुरीच्या दिवसांत एक पोरगा मोबाइल घेऊन आडतीवर आला होता, बाजारभावाचे व्हिडिओ टाकणारा. त्यानं ह्यांना सौदा करताना टिपलं होतं. घरी येऊन हे हसत म्हणाले होते की आता आपणही पडद्यावर. तेव्हा मी दाखवा म्हटलं नाही. तो व्हिडिओ कुठंतरी असणारच.

अक्षराला सांगावं तर तिचा अभ्यास. तिनं मागे मला फोनवर माइकचं चित्र दाखवून ठेवलंय. ते दाबायचं आणि पाहिजे ते बोलायचं, लिहायला नको. माझं बोट त्या बारक्या अक्षरांवर पडलं की भलतंच उमटतं, म्हणून मला ते बरं वाटलं. दाबलं आणि म्हटलं, ह्यांचा आवाज पाहिजे. त्यानं घसा बसल्यावरचे काढे दाखवले. मग म्हटलं, वीरेशच्या वडिलांचा तुरीच्या सौद्याचा व्हिडिओ. तर कुण्या भलत्याच वीरेशच्या वडिलांची एकसष्टी समोर आली. नाव सांगितल्याशिवाय त्याला कळायचं नाही. आणि नाव मी कसं सांगू? इतक्या वर्षांत ना मी ह्यांचं नाव तोंडानं घेतलं, ना ह्यांनी माझं. मला हाक म्हणजे 'ऐकलं का', फार झालं तर 'वीरेशची आई'.

तुझ्या कानाच्या मशीनचं काय झालं ते कळव. अमरनाथला आशीर्वाद. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझी,
वैनी

—

॥ श्री ॥
देगलूर,
दि. १७ जानेवारी २०२५

ति. वैनीस,
महामायाचा शि. सा. न. वि. वि.

मायना लिहिताना हातानं आपोआप 'सौ.' लिहिलं आणि मग खोडावं लागलं, म्हणून हा दुसरा कागद घेतला. त्या जागी विधवेसाठी लिहितात ते माझ्यानं लिहवत नाही. जागा मोकळीच ठेवलीय. रागावू नका.

मशीन कपाटात आहे. ते लावलं की पंख्याचा आवाज येतो, माणसांचा नाही. दुकानात मराठी गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की त्याच्या ओठांवरून माझं भागतं. तेलंगणातलं आलं की मी पोराला, अमरनाथला, पुढे करते, तेलुगू ओठ मला वाचता येत नाहीत. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी चौथीत, नुकतेच टायफॉइडमध्ये कान गेलेले. तुम्ही बघितलंय सगळं. अण्णा, म्हणजे तुमचे 'हे', आडतीवरून आले की मला, धाकट्या बहिणीला, समोर बसवायचे आणि आवाज न काढता पुस्तकातले शब्द म्हणायचे. ओळखला तर शेंगदाणे, नाही ओळखला तर पुन्हा. तुमचा आवाज हरवला म्हणता, माझ्याकडे तर तो चौथीतच पुसला गेला वैनी. मला अण्णांचे ओठ आठवतात.

आता रागावणार असाल तर खुशाल रागवा. फोन काय तुमचा सासरा आहे का, त्याच्यापुढे नाव घ्यायला लाजता ते? अगदीच जड जात असेल तर उखाण्यात घ्या. माझ्या लग्नात बायांनी दार अडवलं तेव्हा काय ठसक्यात घेतला होता तुम्ही. मला ऐकू आला नाही, पण अण्णा कानापर्यंत लाल झालेले मी बघितले होते.

वेळेवर जेवत जा. सूनबाईंना आणि अक्षराला आशीर्वाद. पत्राच्या उत्तराला उशीर झाला तर पोस्टाला नावं ठेवा, मला नको.

तुमची,
महामाया

—

॥ श्री वीरभद्र प्रसन्न ॥
लातूर,
दि. २८ जानेवारी २०२५

चि. सौ. महामाया हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू थट्टेनं लिहिलंस आणि मी खरंच केलं. म्हातारपणी अक्कल जाते म्हणतात ते खोटं नाही.

घरात बोलायची सोय नाही म्हणून वाळवणाच्या निमित्तानं गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले आणि माइक दाबला. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. फोन म्हणाला, ऐकू आलं नाही, पुन्हा बोला. मग पदर सावरला आणि तुझ्या लग्नातलाच घेतला:

आडतीवर चढा आवाज, घरात नाहीत गप्पा,
दार सोडा सयांनो, धनी माझे गुंडप्पा.

त्यानं काय दाखवावं? नव्या नवरीसाठी सोपे उखाणे. मेंदी काढलेल्या, नथ घातलेल्या पोरी, एकीखाली एक. बोट सरकवते तरी संपेनात.

माया, हे गेल्यापासून मला कुणी नाव घ्या म्हटलेलं नाही. चंद्रप्पाभावजींच्या नातीच्या लग्नात सगळ्या बायांना आग्रह चालला होता. माझ्यापाशी आल्या आणि न बोलता पुढे सरकल्या. त्यांचंही चुकलं नाही, रीतच तशी. त्या फोनला तेवढी रीत कळत नाही, त्यानं निमूट ऐकून घेतलं. त्याचंच मला इतकं बरं वाटलं की टाकीला टेकून रडत बसले. अक्षरा पुस्तक घेऊन वर आली, तिनं बघितलं. मग सगळं सांगावं लागलं.

पोरीनं अभ्यास बाजूला ठेवला. आजोबांचं नाव लिहून शोधलं, काही निघालं नाही. त्या पोरानं नाव टाकलंच नसणार. मग म्हणाली, आजी, शब्दानं नाही मिळालं तर चित्रानं शोधू. ह्यांचा दुकानापुढचा फोटो आहे ना, भिंतीवरचा, तो फोनमध्ये घेतला आणि चेहऱ्याभोवती बोटानं गोल काढला. अशानं फोन तसलीच चित्रं जगभरातून हुडकून आणतो.

आणली की. म्हातारेच म्हातारे. पांढरी टोपी, पिकलेल्या मिशा, गळ्यात टॉवेल. कुणी ओट्यावर बसलेला, कुणी बैलाशेजारी. एक तर दात नसलेला सफरचंदवाला. मी एकेकाचं तोंड बघत गेले. मला वाटत होतं ह्यांच्यासारखं कुणी नव्हतं. फोनला सगळे सारखेच दिसतात. आता नको, पोरीचा वेळ जातो आणि माझे डोळे दुखतात. जे गेलं ते गेलं.

अमरनाथचा खोकला कसा आहे? आळस न करता चार ओळी टाक, तेवढाच आधार.

तुझी,
वैनी

—

॥ श्री ॥
देगलूर,
दि. ४ फेब्रुवारी २०२५

ति. वैनीस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते, अमरनाथ पोस्टाकडेच निघालाय. तुमचं पत्र वाचून मी थट्टा केल्याचं फार वाईट वाटलं, आणि तुम्ही उखाणा घेतला ह्याचा त्याहून जास्त आनंद झाला. दोन्ही खरं आहे.

चेहऱ्याभोवती गोल काढू नका. अण्णांच्या मागे दुकानाच्या भिंतीवर नंदी आहे, त्याच्याभोवती काढा. आठवतं ना, पेंटरनं तो दात दाखवून हसणारा रंगवला. तुमच्या सासूबाई, आमची अव्वा, भडकली होती की हे देवाचं वाहन आहे का तमाशातला सोंगाड्या, लगेच पुसा म्हणून. अण्णांनी पुसला नाही. आता आडतीवर पत्ता विचारला तरी लोक हसऱ्या नंदीचं दुकान म्हणून सांगतात. म्हातारे एकासारखे एक शंभर निघतील, पण तसला नंदी दुसरा कुणी रंगवून घेतला असेल असं मला नाही वाटत.

एवढं एकदा करा, माझ्यासाठी करा.

तुमची,
महामाया

—

॥ श्री वीरभद्र प्रसन्न ॥
लातूर,
दि. १६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. महामाया हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सापडला. तुझ्या नंदीनंच काढून दिला. आधी दगडाचे निघाले, कर्नाटकातल्या देवळांतले, मग पितळेचे, मग एक लहान मुलांचं खेळणं. अक्षरा कंटाळून बंद करणार तेवढ्यात खाली कोपऱ्यात दात दिसले. आमचाच. चित्रावर बोट ठेवलं आणि व्हिडिओ सुरू झाला. लातूर, तुरीचे आजचे भाव, एवढंच नाव होतं त्याला. अशा नावाचे हजारो असतील, शब्दानं कधी मिळाला नसता.

माया, हे होते त्यात. तुरीची रास, भोवती माणसं, हे वाकून मूठ भरतात, तळहातावर दाणे पसरून बघतात आणि सोडतात. अगदी तसंच. मान वर करून सौदा बोलायला तोंड उघडतात, आणि आवाज येत नाही. त्या पोरानं खरा आवाज पुसून वरून बँजो लावलाय. बँजो आणि त्याचं स्वतःचं बोलणं, की मित्रांनो आज तुरीची आवक चांगली आहे. हे बोलतायत, ओठ हलतायत, आणि ढँण ढँण बँजो. मी फोन कानाला लावून बघितला. अक्षरानं आवाज कमीजास्त करून बघितला. वीरेशनं बिचाऱ्यानं चौकशी करून तो पोरगाही गाठला. आता तो व्हिडिओचा धंदा सोडून हैदराबादला असतो. मूळचं काही ठेवलं नाही म्हणाला, फोनमध्ये जागा होत नाही म्हणून पुसून टाकलं.

इतकं हुडकून हाती धुपाटणं आलं. मला आता कुणाचा राग पण येत नाही, नुसतं थकल्यासारखं होतं. काल वीरेशला म्हटलं, हा फोन तुमचा तुम्ही घेऊन टाका. तो जवळ येऊन बसला. तेही खूप दिवसांनी.

व्हिडिओच्या शेवटी एक माणूस ह्यांचा दंड धरून थांब म्हणतोय असं दिसतं, हे त्याला काहीतरी म्हणतात, टॉवेल झटकून खांद्यावर टाकतात आणि हसत निघून जातात. तेवढंच सारखं बघते. अमरनाथच्या फोनवर पाठवायला सांगितलंय, तू पण बघ. तुला बँजोचा त्रास नाही, नशीबवान आहेस.

हे शेवटचं वाक्य लागेल असं लिहिलं का? लागलं तर सोडून दे. माया कमी करू नकोस.

तुझी,
वैनी

—

॥ श्री ॥
देगलूर,
दि. २४ फेब्रुवारी २०२५

ति. वैनीस,
शि. सा. न. वि. वि.

मला काही लागलं नाही. उलट आयुष्यात पहिल्यांदा ह्या कानांचे उपकार मानले.

व्हिडिओ आला त्या दिवसापासून मी अमरनाथचा फोन सोडलेला नाही. तो दुकानात गिऱ्हाईक करतो आणि मी मागे पोत्यावर बसून अण्णांना बघते. राशीजवळ ते काय बोलतात ते सगळं नाही कळलं, मधेच कुणाची पाठ आड येते. दाणा भरला आहे, ओल नाही, असं काहीतरी आहे. ते धंद्याचं बोलणं, त्याचं काय एवढं.

पण शेवटचं कळलं. दंड धरणारा माणूस पाठमोरा आहे, पण अण्णा वळतात ते सरळ मोबाइलकडे तोंड करून, आणि ऊन बरोबर चेहऱ्यावर पडलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाच विश्वास वाटला नाही. म्हणून पुन्हा लावलं, मग दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे धुऊन लावलं. अमरनाथ म्हणाला, आई, तुला वाटतं तसं दिसत असेल. त्याला काय माहीत. बाकी जगाच्या ओठांवर मी चुकेन, पण ज्या ओठांवर मी वाचायला शिकले तिथं नाही चुकणार.

तो माणूस बहुतेक चहाला थांबा म्हणत असावा. अण्णा त्याला म्हणतात, "नको बाबा. शिवकांता जेवायची थांबली असंल."

'वीरेशची आई' नाही म्हणत, 'घरी' पण नाही म्हणत. शिवकांता म्हणतात. भर आडतीत, चार माणसांत, आणि इतकं सहज, की रोजच म्हणत असावेत. घरात तेवढी लाज धरत होते. तुम्ही इकडं गच्चीवर लपून नाव घेतलं वैनी, आणि ते तिकडं उघड्यावर घेत होते.

मी मोठ्या कागदावर ते वाक्य लिहून अमरनाथला दाखवलं आणि व्हिडिओ पुन्हा लावायला लावला. या खेपेला तो ओठांकडे बघत होता. मग उठून बाहेर गेला.

तुम्हीही तसंच करा. बँजो बंद करा, आवाज पार काढून टाका, आणि ओठांकडे बघा. 'शिव' म्हणताना खालचा ओठ दातांना लागतो आणि शेवटी तोंड उघडं राहतं. तुम्हाला दिसेल. आणि दिसलं की मला वाटतं, आवाज आपोआप आठवेल.

तुमच्याकडे पोस्टमन दुपारचा येतो, म्हणजे हे पत्र हातात पडेल तेव्हा तुम्ही जेवायच्या थांबलेल्या असाल. आता ताट वाढून घ्या. अण्णा निघालेत.

तुमची,
महामाया