नाक टोचलेला सावळाराम

मारुंजी, सोमवार

चि. मालोजीस आक्काचा पोटभर आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावतोस ना?

मी बरी हाय. अकराव्या मजल्यावर जीव घाबरतो, पण लिफ्टचं बटण दाबायला शिकले.

आता खरी गोष्ट. आपला पणजा सावळाराम बोटीनं मॉरिशसला गेला आन् तिकडं दुसरी बायको केली, असं म्हणून गावानं गवरा पणजीला जन्मभर हिणवलं. माझ्या वर्षालीनं त्या बोटीची जुनी यादी काढली, तर आपल्या गावचे, आपल्याच आडनावाचे दोन सावळाराम!

"आज्जे, आपला कंचा?" म्हणाली.

म्हटलं, "आधीची पोरं जगली न्हाईत म्हणून नाक टोचलेला, तो आपला."

यादीत एकाच्या नावापुढं खूण हाय, नाकाला भोक. तिथल्या सरकारी दप्तरात पुढचं लिवलंय, तो दोन महिन्यांत तापानं गेला. लगीन दुसऱ्यानं केलं.

मालोजी, मला इतका आनंद झाला की रडूच आलं. पणजी कुंकू लावून वाट बघत गेली रे.

आपण त्याचं पान कधी वाढलंच न्हाई. वर्षालीनं तिथी काढलीय, पंचमी. यंदा पितरपाटात पंचमीला त्याचं पान वाढ. शेजारी पणजीचं बी मांड.

तुझी,
सुमनआक्का